गिअरच्या तारेचा मार्ग : बाउडनपासून कार्बनच्या सांगाड्यापर्यंत

१

यंत्रांच्या इतिहासात चाक, आस, दाते आणि साखळी यांना मानाचे स्थान मिळालेले आहे. त्यांना जोडणाऱ्या तारेकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः सायकलीच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या विकासात हँडलापाशी असलेल्या हाताची इच्छा मागच्या चाकापर्यंत कशी पोहोचवावयाची, हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. आज खडीच्या रस्त्यांसाठी बनविलेल्या कार्बन-तंतूंच्या सायकलीची जुळणी करताना कारागिराचा बराच वेळ गिअरची तार सांगाड्याच्या पोटातून ओवण्यात जातो. ही तार आत का गेली, आत गेल्याने काय साधले आणि काय हातचे गेले, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

डनलॉपची हवा भरलेली धाव १८८८ साली आली आणि सायकलीचा वेग वाढला. वेग वाढला की तो आवरण्याची सोयही हवी. त्या काळचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी चालत. महाराष्ट्रातील वाचकास ही रचना अपरिचित नाही. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात रस्तोरस्ती दिसणाऱ्या काळ्या, दणकट सायकलींचे ब्रेक सळ्यांचेच असत. सळई भरवशाची खरी. परंतु ती सरळ रेषेतच काम करते. वळण आले की तेथे सांधा, खुंटी किंवा तरफ बसवावी लागते.

ही अडचण अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन याने १८९६ च्या ब्रिटिश पेटंटाने दूर केली. तारेच्या घट्ट वेटोळ्याची लवचीक नळी आणि तिच्या आत सरकणारी बारीक पीळदार तार, एवढीच त्याची रचना होय. आतली तार ओढली असता जेवढा ताण तिच्यात निर्माण होतो, तेवढाच दाब बाहेरच्या वेष्टनात निर्माण होतो. ताण आणि दाब एकमेकांस तोलून धरीत असल्यामुळे तारेची दोन टोके एका रेषेत असण्याची गरज उरत नाही. ती वळवावी, वाकवावी, हँडलाबरोबर फिरू द्यावी. ओढ मात्र पलीकडे पोहोचतेच.

या शोधाचे श्रेय पुष्कळदा नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे संस्थापक सर फ्रँक बाउडन यांना दिले जाते. ते चुकीचे आहे. आडनाव एक, धंद्याचे क्षेत्रही एक, यामुळे हा घोटाळा झाला असावा. परंतु पेटंट अर्नेस्ट बाउडनच्या नावाचे आहे. भाषेने मात्र या नावाला वेगळ्याच रीतीने अमर केले. जर्मनमध्ये अशा तारेस ‘बाउडनत्सूग’ म्हणजे बाउडनची ओढ असे म्हणतात. चेक आणि हंगेरियन भाषांत तर ‘बोवडेन’ हे सामान्यनामच झाले आहे. इंग्रजीने मात्र ‘केबल’ हा जुनाच शब्द पुढे चालविला. त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कापुलुम्’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ गुरांना बांधावयाचे दावे असा होता. विशेषनाम एका ठिकाणी सामान्य झाले आणि गोठ्यातील शब्द दुसऱ्या ठिकाणी कारखान्यात आला, ही अर्थपरिवर्तनाची दोन बोलकी उदाहरणे होत.

३

ब्रेकची तार पुढे गिअरच्या कामी आली. स्टर्मी-आर्चर या तीन गतींच्या तुंब्याचे पेटंट १९०२ चे. त्याच्या तारेचा मार्ग पाहण्यासारखा आहे : वेष्टन थोड्याच अंतरापर्यंत, तेथून पुढे तार उघडी, सांगाड्यावर बसविलेल्या लहानशा कप्पीवरून वळून मागच्या आसापर्यंत जाणारी. कोठे काय बिघडले ते कोणासही डोळ्यांनी दिसत असे.

फ्रान्समध्ये याच सुमारास साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलण्याचे प्रयोग चालू होते. सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही, म्हणजेच ‘व्हेलोसियो’, यांनी आपल्या नियतकालिकातून अनेक गतींचा हिरिरीने पुरस्कार केला. या यंत्रास मिळालेले ‘देराय्यर’ हे नाव रेल्वेच्या परिभाषेतून आले आहे. ‘देराये’ म्हणजे रुळावरून घसरविणे. आगगाडीचा जो अपघात, तेच सायकलीचे कौशल्य ठरले.

टूर द फ्रान्सच्या संचालकांनी मात्र या यंत्रास दीर्घकाळ मज्जाव केला. ते १९३७ साली प्रथम मोकळेपणी वापरता आले. त्यामागील भूमिका समजण्यासाठी १९१३ ची एक घटना पाहणे उपयुक्त ठरेल. पिरेनीजमधील तूरमाले घाटात यूजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घेण्यास नियमाने बंदी असल्यामुळे तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर सायकल वाहून नेत सेंत-मारी-द-कांपां या गावी आला आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हातांनी चिमटा सांधला. एका मुलाने भाता हालविला, एवढ्या कारणासाठी पंचांनी त्यास वेळेचा दंड केला. नियम निष्ठुर होता यात शंका नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले होते. जो यंत्रावर बसतो, त्यास ते यंत्र दुरुस्तही करता यावे आणि ते तसे करता येण्याजोगे असावे, हे ते गृहीत होय.

४

तारेचा मार्ग सर्वत्र एकाच वेळी रूढ झाला नाही. जीनो बार्ताली याने १९४८ ची टूर द फ्रान्स जिंकली ती कांपान्योलोच्या ‘कांबियो कोर्सा’ या रचनेवर. तीत तार नव्हतीच, स्वारास मागे हात नेऊन दोन सळ्या फिरवाव्या लागत. त्यानंतर व्हिचेंझाच्या त्याच कारखान्याने समांतरभुज चौकटीचे, तारेने ओढले जाणारे ‘ग्रान स्पोर्त’ पुढे आणले आणि हीच रचना सर्वमान्य झाली. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये ही चौकट तिरपी करून तिला अधिक नेमके बनविले.

या काळात गिअरची तरफ तिरप्या नळीवर असे. तेथून तार उघडीच निघून पॅडलाच्या आसाखालून वळे आणि शेवटच्या वाकणापाशी तेवढी वेष्टनात शिरे. नेमकेपणाचे काम स्वाराच्या बोटांचे व कानाचे होते. साखळी कुरकुरली की तो तरफ केसभर हालवी. शिमानोने १९८४ साली ड्युरा-एस या मालिकेत टप्प्याटप्प्याने ‘टक्’ करून बसणारी तरफ आणली आणि हे काम बोटांकडून काढून तारेकडे सोपविले. एका टप्प्यास तारेची ओढ जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर असते. तीत थोडीही चूक झाली तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये घोटाळते. वेटोळ्याचे वेष्टन वाकविले की त्याची लांबी किंचित बदलते. ब्रेकमध्ये हा दोष खपून जातो, येथे खपत नाही. म्हणून गिअरसाठी उभ्या तारांच्या जुडीचे, दाबाखाली न आखडणारे वेष्टन वापरात आले. हे वेष्टन ब्रेकला चुकूनही लावू नये. ब्रेकच्या मोठ्या दाबाने ते फाटण्याचा धोका असतो.

१९९० मध्ये शिमानोने गिअरची तरफ ब्रेकच्या मुठीत आणली. तिच्या तारा मुठीतून बाजूला निघून वाळत घातलेल्या दोरीप्रमाणे हँडलासमोर लोंबत. कांपान्योलोने १९९२ मध्ये त्या हँडलाच्या पट्टीखाली दडविल्या. शिमानोनेही २००८ मध्ये तोच मार्ग पत्करला. तार अदृश्य होण्यास येथून प्रारंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही.

५

अदृश्यतेची किंमत गणिताने सांगता येते. दोरी खांबाभोवती गुंडाळली असता घर्षण कसे वाढते याचा नियम ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानुसार घर्षणामुळे लागणारी ओढ वळणांच्या एकूण कोनाबरोबर घातांकाने वाढते. घर्षणांक ०.१ धरला, तर एकूण १८०° वळणासाठी ओढ १.३७ पट लागते. वळण ३६०° झाले तर १.८७ पट. बोटांनी ओढताना हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु तार सैल सोडली जाते तेव्हा तिला परत खेचण्याचे काम डेरेल्यरच्या स्प्रिंगला एकटीला करावे लागते. म्हणूनच मागच्या बाजूस तारेतील दोष मोठ्या चक्राकडून लहान चक्राकडे येताना प्रथम उघडकीस येतो. आदर्श नियमात वक्राच्या त्रिज्येला स्थान नाही. परंतु खरी तार ताठर असते, त्यामुळे आखूड आणि तीव्र वाकण अधिकच त्रासदायक ठरते.

६

पोलादी सांगाड्यावर तारेसाठी पितळी झाळाने लहान कान जोडता येत. कार्बनच्या सांगाड्यास झाळ लागत नाही. शिवाय त्याचे बळ अखंड तंतूंमध्ये असते. मागाहून भोक पाडणे म्हणजे ते तंतू तोडणे होय. तारेची द्वारे साच्यातच योजून त्यांभोवती तंतूंचे जादा थर द्यावे लागतात. शर्यतीच्या सायकलींत तार आत नेण्याचे मुख्य कारण वाऱ्याचा अडथळा कमी करणे हे होते. खडीच्या सायकलीस याहून सबळ कारण आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवतीच्या फ्लिंट टेकड्यांत २००६ पासून भरणारी, २०० मैलांची आणि आता ‘अनबाउंड’ या नावाने ओळखली जाणारी शर्यत या प्रकारास लोकप्रिय करणाऱ्या शर्यतींपैकी एक होय. तेथील गारगोटीची धूळ आणि चिखल उघड्या तारेच्या प्रत्येक टोकातून वेष्टनात शिरतो. मुठीपासून डेरेल्यरपर्यंत अखंड वेष्टन आणि तेही सांगाड्याच्या आत, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

या उपायाने श्रम मात्र नाहीसे झाले नाहीत; ते स्वाराकडून कारागिराकडे गेले. जुळणीचा क्रमच त्यामुळे बदलला. पॅडलाच्या आसाचे बेअरिंग बसविण्यापूर्वी तार ओवावी लागते, कारण ते विवर हीच आत डोकावण्याची एकमेव मोठी खिडकी असते. काही सांगाड्यांत आत मार्गदर्शक नळी बसविलेली असते. जेथे नसते तेथे लोहचुंबकाने बारीक तार ओढून न्यावी लागते किंवा एका टोकाशी हवा शोषून दोरा आत खेचावा लागतो. जुनी तार काढण्यापूर्वी तिच्यावरून बारीक प्लॅस्टिकची नळी सरकवून ठेवणारा कारागीर पुढचा एक तास वाचवितो. उजव्या मुठीची तार डाव्या द्वारातून आत घेतल्यास पुढचे वळण सौम्य होते. मग आत दोन तारा एकदाच एकमेकींना ओलांडतील, परंतु एकमेकींभोवती पिळल्या जाणार नाहीत, हे पाहावे लागते. पुढे एकच दातेरी चक्र असल्यास दुसरे द्वार बुचाने बंद करतात. वेष्टन काटकोनात कापावे, आतल्या अस्तराचे चेपलेले तोंड टोच्याने उघडावे, टोपी चढवावी, खडखडाट होऊ नये म्हणून फोमची नळी घालावी आणि हँडल दोन्ही बाजूंस पुरते वळवून वेष्टन ताणले जात नाही याची खात्री करावी, हे त्यातील ठळक टप्पे होत.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर गिअर पुन्हा जुळवावे लागतात, तेव्हा ‘तार ताणली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. भाषा येथे दिशाभूल करते. पोलादी तार एवढ्या ओढीने कायमची लांबत नाही. वेष्टनाची टोके आपापल्या टोप्यांत नीट बसतात आणि त्यामुळे तारेस ढिलाई येते. दिसणाऱ्या वस्तूवर न दिसणाऱ्या वस्तूचा दोष लादण्याची ही प्रवृत्ती, तार आत गेल्यावर अधिकच बळावली असल्यास नवल नाही.

७

तारेचे हे आत जाणे अजून थांबलेले नाही. काही सांगाड्यांत तारा हँडलाखालच्या बेअरिंगमधूनच आत शिरतात. ते एक बेअरिंग बदलावयाचे तर तारा व ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतात. दुसरीकडे तारच काढून टाकण्याचा मार्ग आहे. माव्हिकने १९९२ मध्ये विजेवरचा गिअर बाजारात आणला, शिमानोने २००९ मध्ये तो रुळविला आणि श्रॅमने २०१५ मध्ये जोडतारही वगळली. तथापि खडीच्या रस्त्यासाठी कांपान्योलोने २०२० मध्ये काढलेला तेरा चक्रांचा ‘एकार’ संच तारेवरच चालणारा होता. दोन वर्षांनी खडीवरील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच व्हिचेंझा शहरातून सुरू झाली.

तारेचा आग्रह केवळ जुन्याची ओढ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. गावापासून दूर, एकट्या स्वाराची तार तुटली तर दुसरी तार, कापणी आणि थोडा धीर एवढ्यावर त्यास परतता येते. मात्र ती तार त्याच्या हातास पोहोचेल अशा मार्गाने गेलेली असली पाहिजे. सांगाड्यात मार्गदर्शक नळी ठेवणारा आणि न ठेवणारा, असे दोन रचनाकार बाहेरून सारखेच सांगाडे बनवितात. त्यांतील भेद क्रिस्तोफच्या भट्टीपाशी उभा राहिलेल्या माणसालाच कळतो. १९१३ च्या नियमाने स्वारावर दुरुस्तीची सक्ती केली होती. आज ती सक्ती कोणी करीत नाही. परंतु ज्यास दुरुस्ती करावयाची आहे त्यास ती करता यावी, एवढी तरतूद साचा करतानाच करणे हे रचनाकाराच्या हाती आहे, आणि ती झाली नाही तर पुढे कितीही निष्णात कारागीर आला तरी तो ती भरून काढू शकत नाही.