एकोणीस गुणांचा अंतिम सामना

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शनिवारी, 20 डिसेंबर 2014 रोजी पहिल्या इंडियन सुपर लीग फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अ‍ॅटलेटिको दि कोलकाता विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. लोकांच्या आठवणीत राहिली ती सौरव गांगुली आणि सचिन तेंडुलकर यांच्या संघांची लढत. त्या मोसमाचा गुणतक्ता मात्र वेगळंच सांगतो, आणि माझा भरवसा तक्त्यावर आहे.

भरवसा ठेवण्याआधी तो तपासला. आठ संघ, प्रत्येकी 14 सामने, म्हणजे एकूण 56. सगळ्यांचे विजय मिळून 36, पराभवही 36. बरोबरीचे रकाने मिळून 40, म्हणजे 20 सामने. 36 आणि 20 मिळून 56 होतात. केलेले गोल 121, खाल्लेले गोलही 121. जमा-नावे जुळतं. असा तक्ता साक्षीला घ्यायला हरकत नाही.

साखळीत चेन्नईयिन 23 गुणांसह पहिला, एफसी गोवा 22 गुणांसह दुसरा. कोलकाता आणि केरळ, दोघांचे 19. पण ते जमले वेगवेगळ्या वाटांनी: कोलकात्याने चार सामने जिंकले, सात बरोबरीत सोडवले, तीन हरले, केरळने पाच जिंकले, चार बरोबरीत, पाच हरले. केरळच्या गोलांचा रकाना मी दोनदा पाहिला. चौदा सामन्यांत नऊ गोल, आठ संघांत सर्वांत कमी. खाल्ले अकरा. पाचव्या क्रमांकावरच्या दिल्लीचा गोलफरक अधिक दोन आणि केरळचा उणे दोन. तरी दिल्ली 18 गुणांवर, अवघ्या एका गुणाने बाहेर. मुंबई सिटीने ऑक्टोबरमध्ये याच नेरूळच्या मैदानावर पुण्याला 5-0 ने हरवलं होतं, तरी 16 गुणांवर सातवी आली. आठांतले चार संघ पुढे जाणार हा नियम होता, आणि केरळला त्यातलं शेवटचं दार उघडं सापडलं.

पुढचं सामनापत्रकांतून दिसतं. कोचीत केरळने चेन्नईयिनला 3-0 ने हरवलं. चौदा सामन्यांत नऊ गोल करणाऱ्या संघाने एका संध्याकाळी तीन केले. चेन्नईतल्या परतीच्या लढतीत चेन्नईयिनने तिन्ही फेडले, सामना जादा वेळेत गेला आणि 117व्या मिनिटाला केरळच्या स्टीफन पिअर्सनने गोल केला. एकूण 4-3. कोलकाता-गोव्याचं पत्रक त्याहून कोरडं: कोलकात्यात 0-0, फातोर्ड्यात जादा वेळेसह 0-0. 210 मिनिटं, एकही गोल नाही. पेनल्टी शूटआऊट 4-2, कोलकाता पुढे. पहिला आणि दुसरा, दोघेही घरी.

नेरूळलाही 90 मिनिटं गोल नाही. भरपाई वेळेचं पाचवं मिनिट, कोलकात्याला कॉर्नर, बदली खेळाडू मोहम्मद रफीक उसळला आणि चेंडू डोक्याने जाळ्यात. त्या एका गोलावर चषक गेला.

कोलकात्याचा संघ चिवट होता. सतरा सामन्यांत तीनच हार, हे सोपं नाही. प्रशिक्षक अंतोनियो लोपेझ हबासच्या संघाला गोल रोखून धरणं जमत होतं. पण विजेत्याची बेरीज करताना मी थांबलो. पेनल्टीवर सुटलेला सामना नोंदीत बरोबरी धरला जातो. तसं मोजलं तर कोलकात्याने 17 सामन्यांपैकी पाच जिंकले, केरळने सहा. साखळीत हे दोघे दोनदा भिडले होते: एकदा 1-1, एकदा कोचीत केरळच्या बाजूने 2-1. म्हणजे शेवटच्या शिटीपूर्वी त्या मोसमात कोलकात्याने केरळला एकदाही हरवलं नव्हतं.