क्रुसावर देह कधी आला

१९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला, गिवत हामिवतार या वस्तीत, खोदकाम करताना खडकात कोरलेली जुनी थडगी लागली. आतल्या एका दगडी अस्थिपेटीवर येहोहानान हे नाव कोरलेलं होतं. पेटीत उजव्या टाचेचं हाड होतं आणि त्या हाडातून सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं. ठोकताना तो लाकडातल्या गाठीला लागला असावा, त्यामुळे देह उतरवताना काही केल्या निघाला नसावा. घरच्यांनी तो हाडासकट तसाच पुरला. येहोहानान पहिल्या शतकातला, म्हणजे साधारण येशूच्याच काळातला. त्याचा गुन्हा काय होता याची कुठेही नोंद नाही.

रोमनांनी हजारो माणसं अशी मारली. तरी खिळ्यासकट सापडलेली हाडं बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत, कारण या शिक्षेत माणसाला मूठमातीही सहसा मिळत नसे. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडून काढल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रुसावर चढवले गेले, असं इतिहासकार अपियन सांगतो. कापुआहून रोमला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला ते पडत होते, आणि शिक्षेचा हेतूच तो होता. नुसतं मारायचं असतं तर तलवार पुरली असती. इथे माणसाला नागवं करून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, दिवसाउजेडी, हळूहळू मारायचं होतं. गुलाम, बंडखोर, दरोडेखोर यांच्यासाठी ही शिक्षा राखून ठेवलेली होती. रोमन नागरिकाच्या डोळ्यांना आणि कानांनाच काय, मनालासुद्धा क्रूस हा शब्द शिवू नये, असं सिसेरो एका खटल्यात बजावून सांगतो. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातही झाडाला टांगलेला माणूस शापित मानलेला होता.

अशा मरणाची कुणी पूजा करील, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

पण ती पूजा सुरू झाली, आणि फार लवकर झाली. येशूच्या मरणानंतर जेमतेम तीसेक वर्षांत प्रेषित पौलानं तुरुंगातून फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. फिलिप्पै ही निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली रोमन वसाहत होती, आणि आपल्या नागरिकत्वाचा तिला मोठा अभिमान होता. अशा गावाला लिहिताना पौल एक स्तोत्रवजा उतारा देतो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तो पौलाच्याही आधीचा असून सुरुवातीच्या मंडळींच्या उपासनेत म्हटला जात असावा. उताऱ्याचा आशय असा: जो देवाच्या बरोबरीचा होता त्यानं ती बरोबरी धरून ठेवली नाही. त्यानं स्वतःला रितं केलं, दासाचं रूप घेतलं आणि मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत, आज्ञा पाळली. आपण हे वाचताना ‘दास’ आणि ‘क्रूस’ यांच्यातला धागा आपल्याला चटकन दिसत नाही. फिलिप्पैच्या वाचकाला मात्र तो सांगावा लागला नसता. दासाचं रूप घेतलं की मरणही दासाचंच वाट्याला येणार. ख्रिस्ताची नम्रता म्हणतात ती ही. मवाळ बोलणं किंवा मान खाली घालून चालणं याच्याशी तिचा काही संबंध नाही. समाज ज्याला सर्वांत खालचं समजत होता, त्या जागेपर्यंत जाऊन तिथलं मरण अंगावर घेणं, असा तिचा अर्थ आहे.

शब्दांनी हे पहिल्या पिढीतच सांगून टाकलं. डोळ्यांना मात्र ते सहन व्हायला कैक शतकं लागली, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

रोमच्या भुयारी दफनभूमींतली सुरुवातीची ख्रिस्ती चित्रं पाहिली तर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ दिसतो, मासा दिसतो, जहाजाचा नांगर दिसतो, माशाच्या पोटातून बाहेर पडणारा योना दिसतो. क्रुसावरचा येशू कुठेच नाही. इ.स. २०० च्या आसपासच्या काही ग्रीक हस्तलिखितांत ‘क्रूस’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरं अशी एकात एक गुंफलेली आहेत की खांबावरच्या माणसाचं डोकं दिसल्याचा भास व्हावा. भक्तांच्या हातून झालेलं चित्रण ते तेवढंच.

साधारण याच काळातलं क्रुसावरच्या येशूचं एक पूर्ण चित्र आपल्याकडे आहे, पण ते काढलं आहे टिंगल करणाऱ्यानं. रोमच्या पॅलाटिन टेकडीवर सम्राटाच्या वाड्याच्या आवारात एक इमारत होती. वाड्यातल्या गुलाम पोरांना तिथे शिकवत असावेत. तिच्या भिंतीच्या गिलाव्यावर कुणीतरी टोकदार वस्तूनं ओरखडून एक चित्र काढलं. ते १८५७ मध्ये उजेडात आलं. क्रुसावर माणसाचं धड आहे आणि त्यावर डोकं गाढवाचं आहे. बाजूला एक पोरगा हात वर करून उभा आहे. खाली वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे, अशा अर्थाचं खरडलं आहे. बरोबरीच्या पोरांनी अलेक्सामेनोसची उडवलेली ही खिल्ली. तो कोण होता, पुढे त्याचं काय झालं, काही कळत नाही. पण शेजारच्या खोलीत वेगळ्या हस्ताक्षरात त्याचंच नाव सापडलं आहे, आणि पुढे तो विश्वासू असल्याचं लिहिलं आहे. ते त्यानं स्वतः लिहिलं असो वा त्याच्या एखाद्या सोबत्यानं, क्रुसाची लाज काय चीज होती हे कुठल्याही धर्मपंडितापेक्षा या पोराला जास्त ठाऊक होतं.

चौथ्या शतकात वारं फिरलं. ख्रिस्ती झालेल्या कॉन्स्टन्टाइन सम्राटानं क्रुसाची शिक्षा बंद केली, असं पुढचे इतिहासकार सांगतात. रस्त्याकडेचे क्रूस गेले आणि मग क्रूस डोक्यावर घ्यायला लोक मोकळे झाले. सोन्याचे, रत्नजडित क्रूस घडू लागले. रोमच्या सांता पुदेन्त्सियाना चर्चमधल्या, इ.स. ४०० च्या सुमाराच्या मोझेइकमध्ये जेरुसलेमवर असाच एक झळाळता क्रूस उभा आहे. त्यावर देह नाही. जेरुसलेममध्ये खुद्द क्रुसाचं लाकूड म्हणून पूजलं जाणारं लाकूड होतं. एगेरिया नावाची यात्रेकरू बाई चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे पोचली. गुड फ्रायडेला काय चालतं याचं तिनं केलेलं वर्णन फार जिवंत आहे. बिशप बसून लाकडाची दोन्ही टोकं घट्ट धरतात. भाविक एकेक करून येतात, कपाळ टेकवतात, डोळे लावतात, चुंबन घेतात, पण हात लावायला कुणालाच मुभा नाही. भोवती सेवक डोळ्यांत तेल घालून उभे असतात, कारण पूर्वी एकानं चुंबन घेण्याच्या मिषानं लाकडाचा तुकडा दातांनी तोडून नेला होता. त्या माणसाला मी चोर म्हणणार नाही.

क्रुसावर देह दिसू लागला तो पाचव्या शतकात. रोमच्या सांता सबिना चर्चचा लाकडी दरवाजा साधारण ४३० चा. त्यावरच्या एका लहानशा पटात येशू आणि दोन चोर हात पसरून उभे आहेत. येशूचे डोळे उघडे आहेत, वेदनेचा मागमूस नाही, आणि मागे क्रूसही धड दिसत नाही. सिरियातल्या ५८६ च्या ‘राबुला शुभवर्तमान’ या सचित्र हस्तलिखितात तर त्याला पायघोळ झगा घातलेला आहे. भक्तांनी त्याची अब्रू झाकली हे समजण्यासारखं आहे. पण झाकताना पौल जे सांगत होता तेच झाकलं गेलं, असं मला वाटतं.

सुमारे ९७० साली जर्मनीतल्या कोलोन शहरात, आर्चबिशप गेरोच्या काळात, ओक लाकडाचा माणसाएवढा क्रूस घडवला गेला. तो आजही तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे. यातला येशू मेलेला आहे. डोळे मिटलेले, मान एका बाजूला पडलेली, दंडाचे स्नायू देहाच्या भारानं ताणलेले, पोट सुटून पुढे आलेलं. एवढ्या मोठ्या आकारात मेलेला येशू दाखवणारी याआधीची मूर्ती आज शिल्लक नाही. पुढे असिसीच्या फ्रान्सिसनं आणि त्याच्या भिक्षूंनी ही वेदना घरोघरी पोचवली.

इझेनहाइमपाशी मात्र थांबायलाच हवं. आल्सास प्रांतातल्या या गावी अंतोनी पंथाच्या भिक्षूंचा मठ होता आणि मठाला जोडून रुग्णालय. राय धान्यावर बुरशी धरली आणि त्या पिठाची भाकरी पोटात गेली की हातपाय जळू लागत, काळे पडत, झडत. याला ‘संत अंतोनीचा अग्नी’ म्हणत. त्या रोग्यांच्या मठासाठी माथियास ग्र्युनेवाल्डनं १५१२ ते १५१६ या काळात वेदीवरची चित्रं केली. त्यातल्या क्रुसावरच्या येशूचं अंग हिरवट पडलं आहे, कातडीभर जखमा आणि रुतलेले काटे आहेत, बोटं वेडीवाकडी आखडली आहेत, पावलांची दशा बघवत नाही. नव्या रोग्याला या चित्रापुढे आणत असत. त्या आगीला औषधानं फारसा उतार पडत नसे. पण समोर जो टांगलेला होता त्याची कातडी त्यांच्याच कातडीसारखी होती. फिलिप्पैच्या पत्रात जे लिहिलं होतं ते रंगांत उतरायला साडेचौदाशे वर्षं लागली, आणि ते उतरलं ते राजवाड्यात नव्हे, रोग्यांसमोर.

पुढच्याच शतकात ही कथा मराठीत आली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत त्यात, आणि त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ‘दुसऱ्या पुराणा’त, येशूचं जीवन आणि दुःखसहन येतं. गोव्याची माणसं ते उपवासकाळात गात. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांसाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यानं १६५९ मध्ये येशूच्या मरणावरच वेगळं पुराण रचलं.

मूर्ती आल्या, चर्चमध्ये बसल्या, पण गावाच्या वेशीवरचा, वाटेवरचा क्रूस बहुधा रिकामाच राहिला. गोव्यात खुरीस म्हणतात ते चुन्यानं पांढरे केलेले क्रूस आणि वसईतले क्रूस पाहावेत. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात पोर्तुगीज काळातला एक उंच, अखंड दगडाचा क्रूस आहे. त्यावरही देह नाही, पण अंगभर दुःखसहनाची चिन्हं कोरलेली आहेत. देह दाखवण्याऐवजी त्याला ज्यांनी छळलं ती हत्यारं दाखवायची, ही दगड घडवणाऱ्यांची रीत मला विलक्षण वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वांद्र्याच्या गल्लीबोळांत नवे क्रूस उभे राहिले. माणसं संध्याकाळी त्यांच्यापुढे जमून प्रार्थना म्हणत. त्यातले कित्येक आजही रहदारीत उभे आहेत.

विसाव्या शतकात देह पुन्हा आला. १९३८ मध्ये, जर्मनीत सिनेगॉग जळत असताना, यहुदी चित्रकार मार्क शागालनं क्रुसावरच्या येशूच्या कमरेला यहुद्यांची प्रार्थनेची शाल गुंडाळली. पुढे लंडनमध्ये राहणाऱ्या फ्रान्सिस न्यूटन सोझानं आपला क्रूस रंगवला. सोझा गोव्यातल्या साळगावचा. चर्चमधल्या मूर्ती पाहत तो वाढला होता. त्याचा येशू काळा आहे, काटेरी आहे, दात दाखवणारा आहे. पुष्कळांना तो पाहवत नाही. हे चित्र आता ब्रिटनमधल्या मेथडिस्ट चर्चच्या संग्रहात आहे, आणि हा संग्रह गावोगावच्या चर्चमधून, प्रदर्शनांतून फिरवला जातो.