नामसादृश्य आणि अर्भकातिसार

जुन्या कागदांत एकाच नांवाचे दोन पुरुष आढळले, कीं त्यांस एकच मानण्याचा मोह संशोधकास होतो. आणि मग एकाचें कृत्य दुसऱ्याच्या माथीं बसतें, किंवा अपराधी मोकळा सुटतो. असाच प्रमाद वैद्यकाच्या इतिहासांतहि घडला व त्याची किंमत तान्ह्या मुलांनीं भरली, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

इ. स. १८८५ मध्यें म्युनिक येथें थिओडोर एशेरिख ह्यांनीं अर्भकांच्या मळांतील जंतूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील एक जंतु निरोगी बालकांतहि नित्य सांपडे; म्हणून त्यास 'आंतड्यांतील सामान्य जंतु' अशा अर्थाचें लॅटिन नांव मिळालें. हाच आजचा 'कोलाय'. पुढें १८९७ सालीं जपानांत कियोशी शिगा ह्यांनीं आमांशाचा जंतु शोधला, व १९०२ मध्यें अमेरिकेंत डुव्हल व बॅसेट ह्यांस त्याच वर्गाचा जंतु बालकांच्या उन्हाळी अतिसारांत आढळला. तथापि पुष्कळ सांथींत हा ओळखीचा अपराधी सांपडतच नसे. सांपडे तो कोलाय. पण तो पडला घरचा, म्हणून त्याजकडे बहुधा दुर्लक्ष होई. जर्मनींत अडाम ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत त्याच्या कांहीं पोटजातींवर संशय घेतला होता. परंतु तें मत सर्वमान्य झालें नाहीं.

१९४५ मध्यें जॉन ब्रे ह्यांनीं लंडनजवळील एका सांथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तद्रवाच्या कसोटीनें कोलायची एक विशिष्ट पोटजात त्यांनीं वेगळी ओळखली. ती आजारी अर्भकांत शेकडा सुमारें ९५ जणांत, तर अतिसार नसलेल्या मुलांत शेकडा सुमारें ४ जणांतच निघाली. आमच्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक तो हाच. व्यतिरेक निरपवाद नव्हे, पण पुरेसा बोलका आहे. १९४७ सालच्या आबर्डीन येथील सांथीनें ह्या मतास पुष्टि दिली. १९५६ मध्यें कलकत्त्यास शंभुनाथ डे व त्यांचे सहकारी ह्यांनीं अतिसाराच्या रोग्यांपासून मिळालेले कोलायचे कांहीं वाण सशाच्या बांधलेल्या आंतड्यांत घातले, तेव्हां तेथें द्रव सांचतो असें दिसलें.

एशेरिख ह्यांचें वर्णन खोटें नव्हतें. बहुतेक कोलाय आजहि निरुपद्रवीच ठरतात. चूक झाली ती जातीची साक्ष प्रत्येक व्यक्तीस लागू करण्यांत. नामैक्यावरून व्यक्त्यैक्य सिद्ध होत नाहीं, हा नियम आपण वंशावळी लावतांना पाळतों. तो तेथें सुटला, आणि ठोस पुरावा हातीं येण्यास साठ वर्षें लागलीं.