गांजाचे बी आणि नराची पारख

वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात गांजा पिकवण्याची मुभा होती ती फक्त निमाडात, खंडव्याच्या बाजूला. १८९३-९४च्या सरकारी आयोगाने या पिकाची देशभर चौकशी केली.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. बी हातात घेऊन ते कळत नाही. फुलोरा डोकावला की कळते. नर वेळीच उपटले नाहीत तर मादीच्या तुऱ्यात बी धरते आणि माल उतरतो. बंगालात पारखणाऱ्या जाणकाराला पोद्दार म्हणत. गंमत अशी, की पारख अचूक झाली तर पुढच्या सालाला बीच उरायचे नाही! वंश चालायचा तो नजरेतून सुटलेल्या नरांवर, किंवा मादीवरच आलेल्या नरफुलांवर.

आपल्याकडचे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलते. यानिशेव्हस्कीने १९२४ साली ‘रुडेरालिस’ असे नाव दिलेले रशियातले झाड मात्र वयावर फुलते. हा गुण अप्रभावी: संकराच्या पहिल्या पिढीत बहुधा लपतो, दुसरीत साधारण चारांत एका झाडात उमटतो. ‘आपोआप फुलणारे’ म्हणून जगभर विकले जाणारे बी या संकरांतलेच. पुडीवरच्या नावावर काय जायचे? निवड किती पिढ्या झाली, ते विचारावे.

१९८५च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून तुऱ्यावेगळे बी वगळले. ते परवान्याशिवाय पेरणे मात्र गुन्हाच.