कारखाना गेल्यानंतरची गाडी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

ब्रिटिश मोटारसायकलींचे बहुतेक इतिहास १९७०च्या आगेमागे संपतात. रॉयल एनफिल्डचे ब्रिटनमधले उत्पादन १९७०मध्ये थांबले, बर्मिंगहॅमची व्हेलोसेट १९७१मध्ये बंद झाली, १९७३मध्ये बीएसएचा धंदा नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फमध्ये गेला आणि मेरिडेनच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेला ट्रायम्फचा कारखानाही १९८३मध्ये बंद पडला. या पडझडीची कारणमीमांसा पुरेशी झाली आहे. बर्ट हॉपवुड या अभियंत्याने १९८१मध्ये ती आतल्या माणसाच्या नजरेने केली, तर स्टीव्ह कर्नर यांनी २०१२मध्ये इतिहासकाराच्या शिस्तीने केली. आपले अभ्यासक्षेत्र या पुस्तकांच्या शेवटच्या पानानंतर सुरू होते. कारखाने गेले, तरी गाड्या रस्त्यावर होत्या. त्यांचे सुटे भाग कोण बनवणार, मूळ नकाशे कोण सांभाळणार आणि अमुक गाडी अमुक सालची आहे असा दाखला कोण देणार? कारखान्याची ही जबाबदारी हळूहळू मालकांच्या क्लबांनी अंगावर घेतली. वस्तू बनवणारा नाहीसा झाल्यावर तिचे ज्ञान वापरणाऱ्यांच्या हातात कसे टिकते, हा या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न आहे.

क्लब स्थापन झाले तेव्हा असा काही विचार नव्हता. १९४६मध्ये सी. ई. ॲलन आणि त्यांच्या सोबत्यांनी सरे परगण्यात व्हिंटेज मोटर सायकल क्लब काढला, तो १९३१पूर्वीच्या गाड्या चालत्या ठेवण्यासाठी. व्हिन्सेंट मालकांचा क्लब १९४८चा आणि एजेएस-मॅचलेसचा १९५२चा. म्हणजे हे दोन्ही क्लब कारखाने जोरात चालू असताना जन्मले. एकत्र फिरायला जाणे, गप्पा मारणे आणि पत्रिका काढणे एवढाच त्यांचा व्याप होता. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कारखान्याने १९५५अखेर मोटारसायकली बनवणे सोडले आणि चित्र पालटले. मालकांना आज ना उद्या झिजणारा गिअर कुठून आणायचा याची चिंता लागली. १९७०च्या दशकात व्हिन्सेंट क्लबाच्या सभासदांनी सुट्या भागांची स्वतःची कंपनी उभी केली. मूळ नकाशांवरून, नकाशा नसेल तिथे जुन्या भागाची मापे घेऊन, भाग पुन्हा बनू लागले. पुढे या कंपनीने आपल्याच मालातून एक संपूर्ण नवी व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो जोडून दाखवली. तिचा एकही भाग स्टीव्हनेजला बनलेला नसेल, तर ती व्हिन्सेंट म्हणायची का? क्लबांमध्ये या प्रश्नावर तावातावाने भांडणे होतात आणि अभ्यासकाने ती कान देऊन ऐकावीत. अस्सलपणाची व्याख्या तिथेच घडत असते.

अस्सल काय ते ठरवण्याची पद्धत मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. अनेक पोथ्या समोर ठेवून मूळचे काय, मागाहून शिरलेले काय, हे तिथल्या पंडितांनी ठरवले. जुनी गाडी उभी करणाऱ्यालाही आधी हेच करावे लागते. इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा क्रमांक तो कारखान्याच्या पाठवणी-वह्यांशी ताडून पाहतो. हँडलवर क्रोम चमकत असेल तर थबकतो, कारण साधारण १९३०च्या आधी निकेलचा मुलामा दिला जाई. सगळ्यांत बोलका पुरावा आट्यांचा असतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये ठरवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. सायकल उद्योगातून आलेल्या आट्यांचा ६० अंशांचा, आणि बहुतेक मापांत ते इंचाला २६. एकाच गाडीत दोन्ही सापडतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बीएसए आणि ट्रायम्फ हळूहळू तिसऱ्या, युनिफाइड पद्धतीकडे वळल्या. त्यामुळे एखादा बोल्ट कुठल्या आट्यांचा आहे यावरून तो त्या गाडीचा मूळचा की मागून आलेला, याचा अंदाज बांधता येतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगतो, नटाच्या कडांमधले अंतर नव्हे, हे ठाऊक नसलेला नवखा पहिल्याच दिवशी मिलिमीटरचा पाना लावून नटाचे कोपरे गोल करतो.

हा झाला लिहिलेला किंवा मोजता येणारा पुरावा. याहून मोठा साठा तोंडी आहे. लुकास कंपनीच्या मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे, उदाहरण घ्या. सकाळी थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते, वीस मैल छान चालते आणि चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही. मॅन्युअल वाचणारा कार्बुरेटर उघडून बसतो. क्लबातला जुना माणूस सांगतो, तासभर गार होऊ दे. मॅग्नेटोतला कंडेन्सर फिरत्या आर्मेचरच्या आत बसवलेला असतो. वयोमानाने त्याचे इन्सुलेशन कमजोर होते आणि तो तापला की किकच्या मंद गतीला पुरेशी ठिणगी पडत नाही. ट्रायम्फच्या ट्विन इंजिनातही अशीच एक लपलेली जागा आहे. क्रँकशाफ्टच्या पोटातल्या नळीत तेलातला गाळ चक्रगतीने बाहेर फेकला जाऊन साठतो. ती नळी भरली की बिग-एंडला तेल पोचत नाही आणि तोवर बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ती साफ होत नाही. आरशासारखी चमकणारी गाडी विकत घेणाऱ्याला अनुभवी सभासद पहिला प्रश्न या नळीबद्दल विचारतो.

क्लबांच्या या ज्ञानाला सरकारनेही मान्यता दिली आहे. ब्रिटनमधल्या वाहननोंदी पूर्वी स्थानिक परिषदांकडे असत, नंतर त्या स्वानसीच्या केंद्रीय कार्यालयाकडे गेल्या. १९८३च्या मुदतीपर्यंत ज्या गाड्यांची नोंद नव्या व्यवस्थेत आली नाही, त्यांचे मूळ क्रमांक अधांतरी राहिले. शेडमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्यांची संख्या त्यांत मोठी. असा क्रमांक परत मिळवायचा तर मान्यताप्राप्त क्लबाच्या जाणकाराने गाडी आणि कागद तपासून शिफारस करावी लागते. हौशी मंडळाच्या शब्दाला असे अधिकृत वजन आले की सत्ता आणि जबाबदारी दोन्ही येतात. कोणाचा शब्द ग्राह्य, कोणाचा संशयास्पद, याचे राजकारणही मग अभ्यासाचा विषय होते.

क्षेत्रातला सर्वांत जुना वाद गाडी किती नवी करायची, हा आहे. एक पक्ष ती पुरती नवी करतो : प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या कित्येक गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाही इतक्या झळझळीत नव्हत्या. दुसरा पक्ष म्हणतो की मूळ रंग उडालेला असला तरी तो राहू द्या, कारण तो एकदाच खरवडता येतो. या वादात माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण त्याहून महत्त्वाचे काम तिसरेच आहे, ते म्हणजे रोजची देखभाल. डेव्हिड एजर्टन यांनी २००६च्या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने लिहावा असे आग्रहाने मांडले. आपल्या क्षेत्रात ती मांडणी पावलोपावली पटते. उभी केलेली गाडी वर्षभर न चालवता ठेवली, तर काही इंजिनांत टाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर जुने रबर, सीलंट आणि फायबरग्लासच्या टाक्या यांचा नवाच प्रश्न उभा राहिला. गाडी एकदा दुरुस्त करून भागत नाही. देखभाल थांबली की ती पुन्हा बिघडू लागते.

आता आपल्याकडचा दुवा. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि मूळ कंपनी संपल्यावरही बुलेट इथे बनत राहिली. १९७७पासून ती ब्रिटनलाही जाऊ लागली. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली जुनी बुलेट ज्यांनी चालवली, त्यांना ब्रिटिश गाडीची अर्धी ओळख आधीच झालेली आहे. याशिवाय दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी आलेल्या बीएसए, नॉर्टन आणि मॅचलेस इथे अनेक वर्षे धावल्या. पार्ट मिळत नसत, म्हणून मेकॅनिक लेथवर ते घडवत किंवा दुसऱ्या गाडीचे बसवत. पुढे यांतल्या काही गाड्या ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या आणि तिथल्या क्लबांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. संशयाला कारणही होते : चार गाड्यांचे भाग एकत्र आलेले, काहींवर क्रमांक नव्याने ठोकलेले. क्रमांक बदलणे ही फसवणूकच. पण गाडी चालती ठेवण्यासाठी केलेली जोडणी हा त्या गाडीच्या आयुष्याचा खरा भाग आहे आणि तिचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही.

तो लिहिण्याची संधी मराठी अभ्यासकाला आहे. ब्रिटनमध्ये कारखान्याचे ज्ञान क्लबांकडे गेले, त्यांनी ते वह्यांत, पत्रिकांत आणि नकाशांत जपले. इथे ते एकेकट्या मेकॅनिकच्या हातात राहिले आणि त्याच्याबरोबरच जात आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याला गाडी विकत घेण्याची गरज नाही. इतिहास, समाजशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी कुठल्याही दारातून यावे, मात्र एकदा तरी इंजिन पूर्ण उतरवताना शेवटपर्यंत उभे राहून पाहावे. आणि आपल्या गावात जुन्या बुलेटला हात लावणारा वयस्कर मेकॅनिक असेल, तर त्याच्याकडे वही घेऊन जावे, तो काय करतो ते पाहावे, का करतो ते विचारावे आणि त्याच्या नावानिशी लिहून ठेवावे.