फेनेर : दुभाष्यांची पेठ

राजधान्यांचे इतिहास बहुधा राजवाडे आणि रणांगणे यांच्याभोवतीच घोटाळत राहतात. पेठा नि मोहल्ले यांच्या वाट्याला त्यांत एखाददुसरे वाक्य येते. तथापि राज्य पालटले म्हणजे त्याखालील माणसांचे काय होते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर राजवाड्यापेक्षा पेठेलाच विचारणे बरे. बायझंटाइन साम्राज्याची राजधानी जे कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजेच आजचे इस्तंबूल, त्यातील फेनेर ही अशी विचारण्याजोगी पेठ आहे.

नगराच्या उत्तरेस सुवर्णशृंग नावाची लांबट खाडी आहे. तिच्या दक्षिण तीरावर, जुन्या सागरी तटाच्या आत, टेकडीच्या उतरणीवर फेनेर वसली आहे. ‘फानारी’ म्हणजे ग्रीक भाषेत दिवा, कंदील. त्यावरून पेठेचे नाव पडले आणि तुर्कांच्या जिभेवर त्याचे ‘फेनेर’ झाले. याच ग्रीक मुळापासून निघालेला शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आला. मराठीतील ‘फाणस’ तो हाच. तुर्क लोक पेठेस ‘महाल्ले’ म्हणतात. तोही आपल्या ‘मोहल्ल्या’चा सख्खा भाऊ आहे. इतक्या दूरच्या एका पेठेचे नाव घेताना आपण नकळत घरचेच शब्द उच्चारीत असतो.

बायझंटाइन काळात या भागाला लागूनच ‘पेत्रिऑन’ नावाची कोटबंद वस्ती होती. नगराचा जमिनीकडील प्रचंड तट थिओडोसियस दुसरा याच्या कारकीर्दीत, इ. स. ४१३ च्या सुमारास उभा राहिला, आणि हजार वर्षे त्याने शत्रूंना थोपवून धरले. खाडीकडची बाजू मात्र दुबळी ठरली. चौथ्या धर्मयुद्धाच्या वेळी, १२ एप्रिल १२०४ रोजी, व्हेनिसच्या गलबतांनी याच बाजूच्या बुरुजांना शिड्या लावल्या, आणि ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती राजधानी लुटली. पुढे २९ मे १४५३ रोजी सुलतान दुसरा मेहमद याने नगर जिंकले. त्या दिवशी खाडीकाठच्या काही वस्त्यांनी आपण होऊन दरवाजे उघडले, म्हणून त्यांची देवालये लुटीतून वाचली, असे काही इतिहासकारांचे मत आहे. फेनेरच्या टेकडीवर मंगोलांच्या मेरीचे देवालय म्हणून एक लहानसे मंदिर आहे. सम्राट आठवा मायकेल याची मारिया नावाची कन्या इराणच्या मंगोल दरबारी दिली होती. वैधव्य आल्यावर ती परतली आणि तिने येथे मठ वसविला. नगरातील बहुतेक बायझंटाइन देवालयांच्या मशिदी झाल्या. हे एक मात्र आजवर ख्रिस्ती उपासनेतच राहिले आहे.

विजयानंतर मेहमदाने नगर ओसाड पडू दिले नाही. १४५४ च्या आरंभी त्याने गेनाडिओस नावाच्या विद्वान साधूस पॅट्रिआर्कच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स पंथाच्या महाधर्माध्यक्षाच्या, गादीवर बसविले. ही गादी काही काळ एका देवालयातून दुसऱ्या देवालयात फिरत राहिली आणि इ. स. १६०० च्या सुमारास फेनेरमधील संत जॉर्जच्या मंदिरात स्थिरावली. धर्मपीठ आले तसे त्याच्या आश्रयाने व्यापारी, वैद्य, पंडित नि लेखणीबहाद्दर हेही आले. श्रीमंत ग्रीक कुळांनी येथे दगडी वाडे बांधले. या कुळांनाच इतिहासात ‘फानारिओट’ म्हणतात.

फानारिओटांचे खरे भांडवल भाषा हे होते. सुलतानाच्या दरबारातील उमराव युरोपीय भाषा शिकण्याच्या भानगडीत सहसा पडत नसत. उलट फेनेरचे तरुण इटलीत पादुआसारख्या विद्यापीठांत शिकून येत. त्यांना ग्रीक घरची, तुर्की दरबाराची आणि इटालियन, लॅटिन विद्येची. १६६१ च्या सुमारास पानायोतिस निकूसिओस हा दरबाराचा मुख्य दुभाष्या झाला. या हुद्द्याला युरोपीय लोक ‘द्रागोमान’ म्हणत. तो शब्द ज्या अरबी मुळापासून आला, त्यापासूनच आपला ‘तर्जुमा’ही आला आहे. त्याच्यामागून १६७३ मध्ये अलेक्झांडर मावरोकोर्दातोस त्या जागी आला. हा गृहस्थ वैद्य होता. रक्ताभिसरणावर त्याने प्रबंध लिहिला होता. १६९९ मध्ये कार्लोविट्झ येथे पराभूत ऑटोमन साम्राज्याच्या वतीने तह घडवून आणणाऱ्यांत तो प्रमुख होता. ज्यांच्या पूर्वजांची राजधानी तुर्कांनी घेतली, त्यांच्याच वंशजाने तुर्कांच्या वतीने युरोपशी बोलणी करावी, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

या सेवेचे फळ मोठे मिळाले. १७११ पासून मोल्डाविया आणि १७१६ पासून वालाकिया, म्हणजे आजच्या रुमानियाचे दोन प्रांत, यांच्या गाद्या फेनेरच्या कुळांकडे आल्या. परंतु त्या गाद्यांसाठी दरबारात पैसा मोजावा लागे, आणि तो वसूल होई तिकडच्या शेतकऱ्यांकडून. रुमानियाच्या स्मृतीत या राजवटीचे नाव म्हणूनच कडवट झाले आहे. तथापि याच कुळांतील कॉन्स्टंटाइन मावरोकोर्दातोस याने १७४६ मध्ये वालाकियात आणि १७४९ मध्ये मोल्डावियात शेतकऱ्यांची वेठबिगारीची गुलामगिरी रद्द केली. तो सहा वेळा एका गादीवर नि चार वेळा दुसऱ्या गादीवर बसला. एवढ्यावरूनच त्या गाद्या किती डळमळीत होत्या हे दिसून येईल.

दोन जगांच्या मधोमध उभे राहणाऱ्यावर दोन्हीकडचा विश्वास असावा लागतो. १८२१ मध्ये तो ढळला. फानारिओट कुळातील अलेक्झांडर इप्सिलांतिस याने मोल्डावियात शिरून बंडाचे निशाण उभारले आणि ग्रीसमध्येही उठाव झाला. पॅट्रिआर्क पाचवा ग्रेगरी याने बंडखोरांना बहिष्कृत केले. पण त्याने सुलतानाचे समाधान झाले नाही. २२ एप्रिल रोजी, ईस्टरच्या पवित्र दिवशी, त्या वृद्ध धर्माध्यक्षास त्याच्याच पीठाच्या दारात फाशी देण्यात आले. मुख्य दुभाष्या कॉन्स्टंटाइन मुरूझिस याचा शिरच्छेद झाला. लवकरच दुभाष्याचा हुद्दा फेनेरकडून गेला, सरकारने स्वतःचे भाषांतर खाते काढले, आणि रुमानियातील गाद्याही संपल्या. ते मधले द्वार तेव्हापासून आजतागायत बंद आहे. येणारेजाणारे बाजूच्या दाराने जातात.

पेठ तरीही जगली. १८८१ ते १८८३ या काळात टेकडीवर ग्रीक समाजाच्या जुन्या महाविद्यालयाची तांबड्या विटांची भव्य इमारत उभी राहिली. तिची परंपरा १४५४ पर्यंत मागे नेली जाते. खाडीच्या काठी बल्गेरियन लोकांनी १८९८ मध्ये आपले वेगळे देवालय बांधले. जमीन भुसभुशीत, म्हणून ते लोखंडाचे केले. त्याचे भाग व्हिएन्नात ओतून डॅन्यूब नदीतून नि काळ्या समुद्रातून आणण्यात आले. ग्रीक धर्मपीठापासून फुटून निघालेल्यांनी त्याच्याच उंबरठ्याशी आपले देऊळ उभारावे, यातही फेनेरचे महत्त्व दिसते.

विसाव्या शतकात जे घडले त्याला तोफा लागल्या नाहीत. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. इस्तंबूलचे ग्रीक त्यातून वगळले गेले; त्यांची संख्या तेव्हा लाखाच्या घरात होती. परंतु १९४२ च्या संपत्तीकराने बिगरमुस्लिमांवर कित्येक पट बोजा टाकला. ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री, सालोनिका येथे अतातुर्कच्या जन्मगृहाजवळ स्फोट झाल्याची बातमी भडकपणे पसरविली गेली, आणि जमावांनी ग्रीकांची दुकाने, घरे, देवालये नि स्मशाने उद्ध्वस्त केली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या सुमारे बारा हजार लोकांना देश सोडण्याचा हुकूम झाला. बरोबर न्यावयाचे सामान वीस किलो! त्यांच्यामागून त्यांची तुर्की नागरिक असलेली बायकामुले नि नातेवाईकही निघाले. आज संबंध इस्तंबूलमध्ये ग्रीकांची संख्या काही हजारांपलीकडे नाही.

रिकाम्या घरांत अनातोलियातून पोटापाण्यासाठी आलेली गरीब कुटुंबे राहावयास आली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचीही गावे मागे सुटली होती. १९८० नंतरच्या दशकात खाडीचा काठ मोकळा करताना तेथील अनेक जुने दगडी वाडे पाडण्यात आले. २००३ ते २००८ या काळात युरोपीय संघाच्या मदतीने उरलेल्या काही घरांची डागडुजी झाली, लोखंडी देवालय २०१८ मध्ये पुन्हा उघडले, आणि रंगीत गल्ल्या पाहावयास प्रवासी येऊ लागले.

फेनेरच्या तटबंदीवर शत्रू चढले, धर्मपीठाच्या दारात फास लटकला, तरी पेठ आपल्या भाषेसह टिकून राहिली. कारण तेथली माणसे तेथेच राहिली होती. कर, अफवा आणि हुकूमनामा यांनी माणसेच हलविली, तेव्हा दुरुस्त केलेल्या भिंतींना ती परत आणता आली नाहीत. धर्मपीठात आजही नित्याची उपासना ग्रीक भाषेत होते आणि तांबड्या विटांच्या विद्यालयात मूठभर मुले अजून ग्रीक शिकतात. जुन्या पेठांचे जतन करू म्हणणाऱ्या कोणत्याही नगराने घरांच्या आधी या मुलांची मोजदाद करावी.