दोन शेजारी, दोन तिजोऱ्या

चारठाण्यात कुणी बोलायला आला की तो इथल्या हेमाडपंती देवळांवर बोलणार, असं तुम्ही धरूनच बसलेले असता. मी मात्र आज पैशावर बोलणार आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. 'माझं' म्हणजे नक्की काय, हे पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली. आजचा प्रश्नही फिरून तिथंच येतो. भारत आणि चीन या दोन देशांचा पैसा परदेशात कसा गेला, आणि तो कुणाचा होता?

आधी शब्द नीट समजून घेऊ. मोंढ्यात कापूस विकणं वेगळं आणि मोंढ्यातली आडत विकत घेणं वेगळं. परदेशात माल विकला की ती निर्यात. पण तिथल्या कंपनीत किमान 10 टक्के वाटा घेतला आणि कारभारात आपला शब्द चालू लागला, की तिला थेट गुंतवणूक म्हणतात.

या वाटेवर आपण चीनच्या आधी निघालो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस बिर्लांनी इथिओपियात कापडगिरणी काढायचं ठरवलं. 1969 मध्ये आदित्य बिर्लांनी थायलंडमध्ये सूतगिरणी उभी केली. गंमत अशी, की देशात डॉलरची टंचाई. म्हणून सरकारचं सांगणं असं, की रोख पैसा नेऊ नका. यंत्रं न्या, त्यांची किंमत हाच तुमचा वाटा. त्या काळात चीनची दारं बंद होती. 1979 मध्ये तिथल्या सरकारने परदेशात कंपन्या काढायला पहिल्यांदा परवानगी दिली.

आता 1992 साल बघा. आपल्याकडे उदारीकरण नुकतंच आलेलं. नियम निघाला, की 20 लाख डॉलरपर्यंतच्या गुंतवणुकीला आपोआप मंजुरी मिळेल. त्याच वर्षी शौगांग या चिनी सरकारी पोलाद कंपनीने पेरू देशातली लोखंडाची खाण घेतली, सुमारे 12 कोटी डॉलरला! फरक नुसता रकमेचा नाही. आपल्याकडे उद्योजक सरकारकडे परवानगी मागत होता. तिकडे खरेदीदारच सरकार होतं.

पुढे दोघांनीही वेग घेतला. चीनने 2001 च्या पंचवार्षिक योजनेत 'बाहेर पडा' हे धोरणच करून टाकलं. आपल्याकडे 2004 मध्ये कंपनीला स्वतःच्या नक्त मालमत्तेइतकी रक्कम बाहेर गुंतवायची मुभा मिळाली, आणि 2007 पर्यंत ती चौपट झाली. त्याच वर्षी टाटा स्टीलने कोरस घेतली, सुमारे 12 अब्ज डॉलरला. आपल्या खानदेशातल्या जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलच्या नानदान या ठिबकच्या कंपनीत निम्मा वाटा घेतला. इस्रायलचं ठिबक आपण नवलाने बघायचो, त्या कंपनीत जळगावचा माणूस मालक म्हणून बसला!

2008 साली चीनची बाहेरची गुंतवणूक साधारण 56 अब्ज डॉलर होती, आपली 20 अब्जांच्या आसपास. पण तेव्हा चीनची अर्थव्यवस्था आपल्या जवळजवळ चौपट होती. त्या मापाने बघितलं तर भारत थोडा पुढेच होता, बरं का. मग 2016 मध्ये चीनचा आकडा 196 अब्जांवर गेला, आणि आपण त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नव्हतो. आठ वर्षांत असं काय घडलं?

उत्तर तिजोरीत आहे. चीन विकतो जास्त, घेतो कमी. 2014 पर्यंत त्याची परकीय गंगाजळी 4,000 अब्ज डॉलरच्या जवळ पोचली होती. आपली आयात निर्यातीपेक्षा मोठी. म्हणजे घरात डॉलर शिल्लक पडत नाही. बाहेर मोठी खरेदी करायची तर बहुधा कर्ज काढूनच.

फोर्ड कंपनीचं उदाहरण घ्या. तिने 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सला विकली आणि 2010 मध्ये व्होल्वो मोटारींचा धंदा चीनच्या गीलीला. विकणारा एकच. टाटांनी बँकांकडून 3 अब्ज डॉलरचं तात्पुरतं कर्ज उचललं, आणि लगेच जगभर मंदी आली. गीली खाजगी कंपनी, तरी तिच्या मागे चिनी शहरांच्या सरकारांचा पैसा उभा राहिला. पुढे दोन्ही व्यवहार तरले. कोरसचं मात्र ओझं झालं. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या झोतभट्ट्या 2024 मध्ये विझल्या आणि हजारो कामगारांची रोजी गेली. जैन इरिगेशनलाही 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्युलिस कंपनीत विलीन करावा लागला, कर्ज हलकं करण्यासाठी.

म्हणून सरकारी पैसा चांगला, असं मी म्हणत नाही. चीनने 2016 च्या अखेरीस नळ आवळला, कारण युआन घसरत होता आणि पैसा हॉटेलं, सिनेमा, फुटबॉल क्लबांत चालला होता. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2013 मध्ये रुपया कोसळला तेव्हा चौपटीची मर्यादा एकपटीवर आणली, पुढच्या वर्षी पुन्हा सोडली. नळ दोन्हीकडे सरकारच्याच हातात. पण चीनमध्ये टाकीसुद्धा बऱ्याच अंशी सरकारची.

आता तुमच्या बांधावर येतो. सिंजेंटाची फवारणीची बाटली तुमच्यापैकी अनेकांनी आणली असेल. ही स्वित्झर्लंडची कंपनी 2017 मध्ये केमचायना या चिनी सरकारी कंपनीने सुमारे 43 अब्ज डॉलरला घेतली. आपल्या मुंबईच्या यूपीएलने 2019 मध्ये अरिस्टा घेतली, 4.2 अब्जांना, आणि डोक्यावर कर्ज घेतलं. जवळपास दहाला एक. म्हणजे या दोन देशांची चढाओढ तुमच्या कपाशीच्या ओळीत येऊन उभी आहे. तुम्हाला कुणी विचारलं का? नाही. चिनी शेतकऱ्यालाही नाही. त्याच्या बचतीवर बँक कमी व्याज देते, आणि तोच पैसा सरकारी कंपनीला स्वस्त कर्ज म्हणून मिळतो.

जॅग्वार घेतली तेव्हा मीही पेढे वाटले होते. 'आपण' घेतली म्हणालो. नफा झाला तर भागधारकांचा, बुडालं तर बँकेचं, आणि अभिमान तेवढा आपला! तिथं मास्तर म्हणून मी अडतो.

आणि हसू नका, गावाचीही बाहेरची गुंतवणूक असते. सोयाबीनचे पैसे आले की परभणीला, संभाजीनगरला प्लॉट घेतला जातो. घेऊ नये असं नाही. पण ज्यांनी इथली देवळं बांधली, त्यांनी पैसा इथं दगडात घातला. तो आज आठशे वर्षं उभा आहे. देशाचा पैसा बाहेर किती गेला हे मोजायला माणसं आहेत. तो कुणाचा होता, कुणाला विचारून गेला आणि मागे काय उरलं, हे विचारायचं काम तुमचं-माझं. एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, घाई नाही मला.